पहिल्या ग्राहकाच्या दारापर्यंतचा रस्ता: टायको प्रकरणाचा अभ्यास

स्पेनमधल्या एका टेक्निशियनची सकाळ डोळ्यांपुढे आणा. आदल्या दिवशीच त्याच्या मोबाईलवर कामांची यादी येऊन पडली आहे: कुठल्या पत्त्यावर जायचं, किती वाजता पोचायचं. कंपनीची गाडी रात्रभर त्याच्याच दारात उभी होती. पहिला ग्राहक साडेआठला आहे आणि तो शंभर किलोमीटरवर राहतो. म्हणजे साडेसहाला गाडी सुरू झाली पाहिजे. झालीही. आता त्याची ड्युटी साडेसहाला लागली, की साडेआठला?

टायको या कंपनीच्या टेक्निशियनांपुढे हा प्रश्न २०११ पासून रोज सकाळी उभा राहू लागला. तो स्पेनच्या न्यायालयात गेला, तिथून लक्झेंबर्गला युरोपियन संघाच्या न्यायालयात पोचला आणि १० सप्टेंबर २०१५ रोजी त्याचा निवाडा झाला. (वरच्या वेळा हिशेबाच्या सोयीसाठी मी धरल्या आहेत. यादी, गाडी आणि अंतर मात्र प्रकरणातलंच आहे.) प्रवासाच्या वेळेवरून कुठेही वाद निघाला की या निवाड्याचा दाखला हमखास दिला जातो, पण बहुतेक वेळा अर्धवट. ‘घरून निघाल्यापासूनचा प्रवास पगारी झाला’ असं ऐकायला मिळतं. न्यायालयाने तसं म्हटलेलंच नाही. जे म्हटलं ते मला त्याहून मोलाचं वाटतं, म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो आहे.

कंपनीने नेमकं काय बदललं

टायकोचा धंदा सुरक्षा यंत्रणांचा. घुसखोरी ओळखणारी, चोरी रोखणारी उपकरणं घरांत, कारखान्यांत, दुकानांत बसवायची आणि त्यांची देखभाल करायची. प्रत्येक टेक्निशियनला एक भाग नेमून दिलेला असे. कधी तो एका प्रांताचा तुकडा असे, कधी अख्खा प्रांत, कधी एकाहून जास्त प्रांत.

२०११ पर्यंत कंपनीची प्रांतांमध्ये कार्यालयं होती. सकाळी तिथे जायचं, गाडी घ्यायची, यादी घ्यायची की हजेरी सुरू. संध्याकाळी गाडी परत आणून लावली की हजेरी बंद. घरापासून कार्यालयापर्यंतची ये-जा ज्याची त्याची आणि कार्यालयापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा रस्ता कामाच्या वेळेत. कोणालाही समजेल अशी रेघ होती आणि ती कार्यालयाच्या दारात आखलेली होती.

मग कंपनीने ही प्रांतिक कार्यालयं बंद केली आणि सगळ्यांना माद्रिदच्या मध्यवर्ती कार्यालयाच्या पटावर घेतलं. गाडी टेक्निशियनच्या घरी राहू लागली. यादी फोनवर यायला लागली. साहित्य आणि सुटे भाग घ्यायला आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा घराजवळच्या एका मालवाहतूक कंपनीच्या ठिकाणी जायचं. काम झालं की काय केलं, काय अडचण आली हेही फोनवरच्याच ॲपमधून माद्रिदला कळवायचं. धंद्याच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हतं. कार्यालयांचा खर्च वाचवावा असं कोणत्याही कंपनीला वाटणारच.

पण त्याच वेळी हजेरीची रेघही सरकली. आता दिवस मोजायचा तो पहिल्या ग्राहकाकडे पोचल्यापासून शेवटच्या ग्राहकाकडून निघेपर्यंत. मधल्या दोन ग्राहकांमधला प्रवास कामात धरला जाई. घर ते पहिला ग्राहक आणि शेवटचा ग्राहक ते घर ही दोन टोकं मात्र कंपनीच्या हिशेबात ‘विश्रांती’ ठरली.

या शब्दापाशी मला थांबावंसं वाटतं. माणूस कंपनीची गाडी चालवतो आहे. कंपनीने दिलेल्या पत्त्यावर, कंपनीने ठरवलेली वेळ गाठायला निघाला आहे. ते घर ग्राहकाचं आहे, त्याच्या मावशीचं नाही. आणि कागदावर तो आराम करतो आहे.

अंतर एक मीटरनेही बदललं नव्हतं, हे विसरू नका. ग्राहक तेच, रस्ते तेच. पूर्वी कार्यालयापासून ग्राहकापर्यंतचा जो तुकडा कामात धरला जात होता, तोच आता हिशेबातून गळला होता, आणि तोही वाटेतलं एक कार्यालय उठलं एवढ्याच कारणाने. या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. न्यायालयानेही शेवटी याच गोष्टीवर बोट ठेवलं.

तासांचा हिशेब

आपला साडेसहाचा टेक्निशियन पुढे चालवू. पहिला ग्राहक साडेआठला, शेवटच्या ग्राहकाकडून निघाला साडेचारला आणि दीड तास गाडी चालवून सहाला घरी पोचला. मधली जेवणाची सुट्टी तूर्त बाजूला ठेवू. कंपनीच्या हिशेबाने त्याचा दिवस ८ तासांचा झाला. घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत मोजला तर साडेअकरा तासांचा. पाच दिवसांचे कंपनीचे ४० तास आणि घड्याळाचे साडेसत्तावन्न.

युरोपियन संघाचा कामाच्या वेळेबद्दलचा जो निर्देश (सदस्य देशांना बांधणारा संघाचा कायदा) आहे, २००३ सालचा, क्रमांक ८८, त्यात दोन मर्यादा पक्क्या आहेत. आठवड्याला सरासरी ४८ तासांपेक्षा जास्त काम नको, ओव्हरटाइम धरून. आणि दर चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती हवी. आपल्या टेक्निशियनचे ४० तास पहिल्या मर्यादेत आरामात बसतात. साडेसत्तावन्न बसत नाहीत.

विश्रांतीचं गणित तर आणखी बोलकं आहे. या प्रकरणाच्या कागदांत एक उदाहरण नोंदलेलं आहे: रस्त्यावरच्या गर्दीमुळे घरापासून ग्राहकापर्यंत पोचायला एकदा तीन तास लागले होते. समजा जाताना तीन आणि येताना तीन अशी पाळी आली. साडेआठच्या ग्राहकासाठी साडेपाचला निघायचं, साडेचारला काम आटोपून साडेसातला घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाचला निघायचं. घरात घालवायला उरले १० तास. त्यातच जेवण, अंघोळ, मुलांशी चार शब्द आणि झोप. कंपनीच्या कागदावर त्याच माणसाला साडेचारपासून साडेआठपर्यंत १६ तासांची विश्रांती मिळालेली दिसते. किमान ११ तासांचा नियम कागदावर उत्तम पाळला गेला आणि प्रत्यक्षात मोडला.

म्हणून हा वाद पैशांच्या आधी झोपेचा आहे. दिवसभर शिडी चढून तारा जोडलेल्या आणि पुन्हा तास-दोन तास स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाच्या थकव्याचा आहे.

बाजू कोणी कशी लढवली

दावा लावला तो कोमिसिओनेस ओब्रेरास या कामगार संघटनेच्या खासगी सेवा महासंघाने, स्पेनच्या आउदिएन्सिया नासिओनाल या न्यायालयात. तिथल्या न्यायाधीशांपुढे खरोखरच पेच होता. स्पेनच्या कामगार कायद्याचं कलम ३४ सांगतं की दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी कामगार कामाच्या जागी हजर असेल अशा रीतीने वेळ मोजायची. यामागचा विचार असा की घर कुठे घ्यायचं हे कामगाराच्या हातात असतं. कोणी जवळ राहतो, कोणी लांब, त्याचा भार मालकावर का टाकायचा?

हा विचार टाकाऊ नाही. ठरलेल्या जागी रोज जाणाऱ्या माणसाला तो चपखल लागू पडतो. तीच फॅक्टरी, तेच गेट, आणि मी तीस किलोमीटरवर घर घेतलं असेल तर ती ये-जा माझी. जगात जवळपास सगळीकडे हेच धरलं जातं आणि मलाही ते रास्त वाटतं.

कंपनीचा युक्तिवादही याच अंगाने होता. टेक्निशियनचं काम म्हणजे यंत्रणा बसवणं आणि दुरुस्त करणं. गाडी चालवत असताना तो यातलं काहीच करत नाही, म्हणजे तो काम करत नाही. शिवाय हा वेळ कामात धरला तर लोक वाटेत आपली खासगी कामं उरकतील, अशी भीतीही मांडली गेली. तेव्हा संघाचा सदस्य असलेल्या ब्रिटनच्या सरकारनेही न्यायालयापुढे म्हणणं मांडलं: याने खर्च वाढेल.

स्पेनच्या न्यायालयाने एक अडचण बरोबर हेरली होती. वाहतूक क्षेत्रातल्या चालकांसाठी त्यांच्याच देशात वाहन हीच कामाची जागा मानली जाते. मग ज्याला ठरलेली जागाच नाही आणि ज्याचा दिवस गाडीतच उजाडतो, त्या टेक्निशियनला कोणत्या खान्यात टाकायचं? हा प्रश्न त्यांनी लक्झेंबर्गला पाठवला. जून २०१५ मध्ये महाधिवक्ता (निवाड्याआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे अधिकारी) ईव्ह बो यांनी कामगारांच्या बाजूने मत दिलं. तीन महिन्यांनी न्यायालयानेही तोच कौल दिला.

तीन कसोट्या

निर्देशात कामाच्या वेळेची व्याख्या आहे. कामगार काम करतो आहे, मालकाच्या दिमतीला आहे आणि आपलं कर्तव्य बजावतो आहे असा काळ म्हणजे कामाची वेळ. जी कामाची वेळ नाही ती विश्रांती. मधला खाना नाही. हे न्यायालयाने याआधीही, रुग्णालयात मुक्कामी ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांच्या प्रकरणांत, ठासून सांगितलं होतं. ‘थोडं काम, थोडा आराम’ अशी पळवाट कोणालाच नाही.

कर्तव्य बजावतो आहे का? ग्राहकापर्यंत पोचल्याशिवाय यंत्रणा बसवता येत नाही, त्यामुळे हा प्रवास म्हणजे काम पार पाडण्याचं आवश्यक साधन. आणि कार्यालयं असताना कंपनी स्वतःच कार्यालयापासून ग्राहकापर्यंतचा प्रवास कामात धरत होती. प्रवासाचं स्वरूप तेव्हाचंच राहिलं, बदलली ती निघण्याची जागा. मग कालपर्यंत जे काम होतं ते आज आराम कसं झालं? याला कंपनीकडे पटेल असं उत्तर नव्हतं.

मालकाच्या दिमतीला आहे का? मला ही कसोटी सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण बाकीच्या प्रकरणांतही ती हाताशी येते. दिमतीला असणं म्हणजे मालकाचा हुकूम मानायला कायद्याने बांधलेलं असणं आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता न येणं. पुन्हा आपल्या टेक्निशियनकडे चला. सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत, तो चाळीस मिनिटं गाडी चालवून पुढे आला आहे आणि माद्रिदहून फोन येतो: पहिल्याने वेळ रद्द केली, आधी दुसऱ्याकडे जा. ‘मी आत्ता विश्रांतीवर आहे, साडेआठनंतर बोला’ असं तो म्हणू शकतो का? नाही. गाडी वळवावीच लागते. ग्राहकांचा क्रम बदलणं, एखादा गाळणं, एखादा वाढवणं हे सगळं कंपनीच्या हातात होतं. न्यायालयाने याच गोष्टींवरून ठरवलं की त्या वेळेवर ताबा कंपनीचा आहे.

तिसरी कसोटी, काम करतो आहे का, ही पहिल्या दोन्हींतून आपसूकच उलगडते. ज्याला कामाची ठरलेली जागा नाही त्याची कामाची जागा फक्त ग्राहकाच्या घरापुरती मानता येत नाही. रस्ता हा त्याच्या कामाचाच भाग.

आणि घर निवडण्याच्या स्वातंत्र्याचं काय? हा मुद्दा न्यायालयाने बरोबर उलटा लावून दाखवला. पूर्वी प्रांतिक कार्यालय कुठे आहे हे माहीत असायचं आणि त्या बेताने घर निवडता यायचं. कार्यालयं उठल्यावर दिवसाची सुरुवात कुठून होणार हे यादी ठरवते. रोज वेगळा पत्ता. घर कुठेही घेतलं तरी अंतर कामगाराच्या हातात राहिलेलं नाही. ते स्वातंत्र्य कंपनीच्या निर्णयाने गेलं, तर त्या निर्णयाचा भार कामगाराने का वाहायचा?

खासगी कामं उरकण्याच्या भीतीवर न्यायालयाचं उत्तर सरळ होतं: त्यासाठी लागणारी देखरेखीची व्यवस्था कंपनीने उभारावी. त्याचा जाच होईल, पण कार्यालयं बंद करण्याच्या निर्णयाबरोबर तोही येतोच. मला हे योग्य वाटतं. मात्र देखरेख म्हणजे चोवीस तास गाडीवर डोळा ठेवणं नव्हे. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि त्या रस्त्याला साधारण किती वेळ लागतो एवढं ताडून पाहिलं तरी बहुतेक घोळ कळतात.

मग पगाराचं काय?

लोक वाचायचं विसरतात ते इथे. खर्च वाढेल या ब्रिटनच्या म्हणण्यावर न्यायालयाने सांगितलं की ही वेळ कामाची मानली तरी तिचा मोबदला किती हे ठरवायला कंपनी मोकळी आहे. वार्षिक पगारी रजेची एक बाब सोडली तर हा निर्देश पगाराबद्दल बोलतच नाही. तो तास मोजतो. तासाचा भाव देशाचा कायदा, सामूहिक करार आणि नेमणुकीचं पत्र ठरवतात.

म्हणजे एकाच प्रवासाबद्दल दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. हा तास कामाचा आहे का? आणि असेल तर त्याला दर काय? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसऱ्याचं ‘नेहमीचाच दर’ असं आपोआप येत नाही. प्रवासाच्या तासाला वेगळा, कमी दर असू शकतो. पण तो तास ४८ मध्ये धरावाच लागतो आणि ११ तासांच्या विश्रांतीत खपवता येत नाही.

ब्रिटनचंच उदाहरण पाहा. तिथल्या किमान वेतनाच्या २०१५ च्या नियमांत दोन कामांच्या मधला प्रवास वेळेत धरला जातो, पण घर आणि नेमून दिलेल्या कामाची जागा यांच्यामधला प्रवास वगळलेला आहे. टायकोच्या निवाड्यानंतर तिथल्या फिरत्या कामगाराचा सकाळचा प्रवास आठवड्याच्या मर्यादेसाठी कामाचा होता आणि किमान वेतनासाठी नव्हता. विसंगत वाटतं खरं, पण दोन कायदे दोन वेगळे प्रश्न विचारत होते.

मी कोणाच्याही अशा वादात पडलो तर आधी हे दोन प्रश्न वेगळे करायला सांगतो. ते एकत्र राहिले की कामगार ‘पैसे द्या’ म्हणतो, कंपनी ‘परवडत नाही’ म्हणते आणि तो माणूस किती तास रस्त्यावर होता ही साधी नोंदच कोणी ठेवत नाही. आधी तास लिहा. दरावर भांडायला पुढे भरपूर वाव आहे.

हाच टेक्निशियन अमेरिकेत असता तर

उत्तर बहुधा उलटं आलं असतं. तिथे हा वाद जुना आहे. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोखंडाच्या खाणीतल्या मजुरांचा जमिनीखालचा प्रवास कामाचा ठरवला. १९४६ मध्ये माउंट क्लेमेन्सच्या भांड्यांच्या कारखान्याच्या प्रकरणात हजेरीच्या घड्याळापासून कामाच्या जागेपर्यंत आवारातून चालण्याचा वेळही कामाचा ठरला. त्यानंतर थकबाकीच्या दाव्यांचा इतका पूर आला की १९४७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खास कायदाच केला: मुख्य कामाच्या जागेपर्यंतची ये-जा, करारात किंवा रिवाजात तसं नसेल तर, मोजायची नाही. १९९६ च्या दुरुस्तीने मालकाच्या गाडीतून केलेली घर ते कामाची ये-जाही बाहेर ठेवली. अट अशी की प्रवास धंद्याच्या नेहमीच्या ये-जा टापूतला हवा आणि गाडीच्या वापराबद्दल मालक-कामगारांत ठराव हवा.

तरी तिथेही दिवसाच्या मधला, एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याचा वेळ मोजला जातोच. ठरलेल्या जागी काम करणाऱ्याला एका दिवसापुरतं दुसऱ्या शहरात पाठवलं तर तो प्रवासही, नेहमीच्या ये-जाचा वेळ वजा करून, मोजतात. म्हणजे दोन्हीकडचं मतभेदाचं क्षेत्र तसं अरुंद आहे: सकाळचं पहिलं टोक आणि संध्याकाळचं शेवटचं. अमेरिकेचा कायदा विचारतो की मुख्य काम कुठे सुरू झालं. युरोपचा विचारतो की वेळ कोणाच्या ताब्यात होती. मला दुसरा प्रश्न माणसाच्या दिवसाशी जास्त प्रामाणिक वाटतो.

निवाडा कुठे थांबतो

हा निवाडा ठरलेली किंवा नेहमीची जागा नसलेल्यांसाठी आहे. रोज एकाच ठिकाणी जाणाऱ्याने त्याचा आधार घेऊ नये. पण ठरलेली जागा असलेल्यालाही कधी दुसरीकडे पाठवलं तर? तो प्रश्न नॉर्वेतल्या एका पोलिसाने विचारला आणि २०१७ मध्ये एफ्टा न्यायालयाने (युरोपियन संघात नसूनही त्याचे असे नियम पाळणाऱ्या नॉर्वेसारख्या देशांसाठीचं न्यायालय) त्याला उत्तर दिलं: नेहमीच्या जागेखेरीज दुसऱ्या ठिकाणी नेमलेलं काम करायला जाण्या-येण्याचा आवश्यक प्रवास, नेहमीच्या कामाच्या वेळेबाहेर झाला तरी, कामाचीच वेळ. कसोट्या त्याच तीन होत्या.

आणि टायकोने उद्या एखाद्या प्रांतात पुन्हा कार्यालय उघडलं, गाड्या रात्री तिथे लावायला सांगितल्या आणि टेक्निशियनांना सकाळी तिथून निघायला लावलं, तर घर ते कार्यालय ही ये-जा पुन्हा त्यांची स्वतःची होईल. आपला टेक्निशियन तेव्हाही कदाचित साडेसहालाच घर सोडेल. फक्त त्याची ड्युटी कार्यालयाच्या दारात लागेल, आणि ते दार त्याच्या घरापासून किती लांब आहे हे त्याला रोज माहीत असेल.